बुटांचे पट्टे

गरिबीतून वर आलेल्या माणसाचं कौतुक करताना इंग्रजीत म्हणतात, त्याने आपल्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचललं. हे पट्टे म्हणजे नाड्या नव्हेत. उंच बूट पायात चढवताना धरायला वरच्या कडेला जो फास शिवलेला असतो, तो. ओढून पाहा. हात बुटाला जेवढ्या जोराने वर ओढतात तेवढ्याच जोराने बूट हातांना खाली ओढतो आणि माणूस बोटभरही वर जात नाही.

या म्हणीचा मूळ अर्थ तोच होता: अशक्य. 1834 साली अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका गृहस्थाने अखंड चालणारं यंत्र शोधल्याचा दावा केला, तेव्हा एका वृत्तपत्राने त्याची टर उडवली की आता हा बुटांचे पट्टे धरून स्वतःला कंबरलँड नदीपार नेईल. 1888 च्या एका अमेरिकी पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात तर प्रश्नच होता, माणूस असा वर का उचलला जात नाही? आपल्याकडे संस्कृत तर्कग्रंथांत हेच काम डोंबाऱ्याचा पोर करतो. तो कितीही तरबेज असला तरी स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही.

विसाव्या शतकात मात्र अर्थ पालटला. 1922 च्या ‘युलिसिस’मध्ये जेम्स जॉइस तळातून वर आलेल्यांबद्दल हे शब्द सरळ यशाच्या अर्थाने वापरतो. जे घडूच शकत नाही त्याचं उदाहरण प्रत्येकाने करून दाखवायची गोष्ट होऊन बसलं.

अमेरिकेत या विचाराला आधीपासून जागा तयार होती. होरेशिओ अल्जरची ‘रॅग्ड डिक’ ही 1868 ची कादंबरी कष्टाने वर येणाऱ्या मुलाची गोष्ट म्हणून ओळखली जाते. पण बूटपॉलिश करणाऱ्या डिकचं नशीब उघडतं ते पाण्यात पडलेल्या मुलाला वाचवल्यावर. त्या मुलाचा बाप व्यापारी असतो, तो डिकला आठवड्याला दहा डॉलरची कारकुनी देतो. डिक मेहनती आहेच, पण वर ओढणारा हात दुसऱ्याचा आहे. गोष्ट सांगणारे नेमका तोच विसरतात. संगणक सुरू होण्याला आपण ‘बूट होणं’ म्हणतो, तेही याच म्हणीवरून. तिथेही पहिल्या सूचना कोणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या असतात.

या विसराळूपणावर नेमकं बोट ठेवलं मार्टिन ल्यूथर किंग यांनी. 31 मार्च 1968 रोजी, हत्येच्या चार दिवस आधी, वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमध्ये ते म्हणाले की ज्याच्या पायात बूटच नाहीत त्याला पट्टे ओढून वर ये म्हणणं ही क्रूर थट्टा आहे. त्यांच्याकडे हिशोब होता. 1863 मध्ये गुलामांना मुक्त केलं, पण जमीन दिली नाही. त्याच काळात सरकार पश्चिमेकडे युरोपातून आलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांना लाखो एकर वाटत होतं. 1862 च्या कायद्याने एका कुटुंबाला 160 एकरांपर्यंत जमीन मिळू शकत होती. पुढे त्याच शेतकऱ्यांचे वारस काळ्या माणसाला स्वावलंबन शिकवू लागले.

मराठीत आपण ‘स्वतःच्या पायावर उभं राहणं’ म्हणतो. मला हा वाक्प्रचार जास्त खरा वाटतो, कारण उभं राहायला पायाखाली जमीन लागते हे त्यात गृहीत आहे. पुढच्या सत्कारात कोणाच्या स्वकर्तृत्वाबद्दल बोलाल तेव्हा फी भरणारी आत्या, वसतिगृह, शिष्यवृत्ती यांचीही नावं घ्या.