म्हणणे दाखल

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात एखादा किरकोळ अर्ज उचलून पाहावा. मुदत मागणारा असेल, कागद दाखल करून घ्या म्हणणारा असेल, साक्षीदाराला पुन्हा बोलवा म्हणणारा असेल. त्याच्या समासात न्यायाधीशांच्या हातचे चार इंग्रजी शब्द हमखास सापडतात : ‘अदर साइड टू से’. खाली सही आणि तारीख. मग समोरचे वकील त्याच कागदावर उरलेल्या कोऱ्या जागेत चार ओळी खरडतात, त्या ओळींना ‘से’ म्हणतात. ‘से दिला का?’, ‘से साठी तारीख द्या साहेब’, ‘आज से आला नाही तर विदाउट से ऑर्डर होईल’ ही वाक्यं व्हरांड्यात उभं राहिलं की कानावर पडत असतात. बोलणाऱ्यांपैकी कुणालाही आपण इंग्रजी बोलतो आहोत असं वाटत नाही.

इंग्रजीत ‘से’ हे नाम आहेच, पण ते एखाद्या बाबतीत आपलं मत चालण्याचा हक्क या अर्थाचं. शाईनं लिहून, सही करून, नक्कल समोरच्याला देऊन मुद्देमालासारखा दाखल करायचा ‘से’ त्या भाषेच्या माहेरी नाही. माझा कयास असा की हा शब्द इंग्रजी दिसत असला तरी त्याचा पिंड मराठी आहे. आपल्याकडे ‘म्हणणे’ हे क्रियापद आहे आणि नामही आहे. ‘त्याचं म्हणणं काय?’ असं आपण सहज विचारतो. पिढ्यान्‌पिढ्या मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्या कारकून-वकिलांनी ‘म्हणणे मागवा’चं इंग्रजी केलं आणि इंग्रज गेल्यावरही ते टिकलं. महाराष्ट्राच्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना शासनानं १९९८ मध्ये काढली. तरी समासातले चार शब्द जागचे हलले नाहीत.

इंग्रजीत बोलण्याला किती शब्द आहेत, याच्या याद्या हल्ली क्लासमध्ये पाठ करून घेतात. फळ्याच्या मधोमध ‘से’ आणि भोवती बाणांनी जोडलेले स्टेट, डिक्लेअर, असर्ट, अ‍ॅलेज, कंटेंड, सबमिट, अ‍ॅडमिट, डिपोज. निबंधात एकच शब्द पुन्हा पुन्हा येऊ नये, मार्क वाढावेत, एवढाच हेतू. पोरं वहीत उतरवून घेतात आणि कानाला जो बरा वाटेल तो वापरतात. मला ही शिकवण पटत नाही. या शब्दांत डावं-उजवं करायचं ते सौंदर्यासाठी नसतंच. वाक्य कुणाच्या नावावर चढवायचं आणि ते खोटं निघालं तर कुणी निस्तरायचं, एवढंच हे शब्द सांगतात. कोर्टात ते शब्द कामाला जुंपलेले दिसतात, म्हणून ते तिथेच शिकावेत.

समजा निफाडकडच्या एका शेतकऱ्याचा बांधाचा दावा आहे. दावेदार ‘कथन’ करतो की प्रतिवादीनं बांध कोरला. इंग्रजी मसुद्यात हे ‘अ‍ॅलेज’ होतं, कारण अजून काही सिद्ध झालेलं नाही. दावेदार स्वतः आपल्या कथनाला कधी ‘आरोप’ म्हणत नाही. तो शब्द प्रतिवादीचे वकील वापरतात आणि मधलं अंतर त्या एका शब्दानं दाखवून देतात. मग प्रतिवादीची कैफियत येते. कैफियतीतलं ठरीव वाक्य जिल्ह्यातल्या कुठल्याही टायपिस्टला झोपेत विचारलं तरी येईल : दाव्यातील कलम अमुकमधील मजकूर खरा नाही व तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. कलम बदलतं, वाक्य तेच. बाहेरच्याला यात निव्वळ बोजडपणा दिसतो. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आठव्या आदेशातला पाचवा नियम असं सांगतो की समोरच्याचं जे कथन तुम्ही स्पष्टपणे नाकारलं नाही, ते तुम्हाला कबूल आहे असं धरलं जाईल. मोघम नकार चालत नाही. एकेक कलम घेऊन नाकबूल करावं लागतं. ‘मौनं संमतिलक्षणम्‌’ हे आपण लग्नाच्या बोलणीत थट्टेनं म्हणतो, १९०८ च्या संहितेत ते जवळजवळ नियम होऊन बसलं आहे. फौजदारी बाजूला मात्र उलट. तिथे आरोपी गप्प राहिला म्हणून त्यानं कबूल केलं असं होत नाही, कारण स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणाही आरोपीला भाग पाडता येणार नाही, असं संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदात आहे. एकाच इमारतीत एका मजल्यावर गप्प बसणं महागात पडतं आणि दुसऱ्या मजल्यावर तो हक्क असतो.

खरी गंमत उलटतपासात आहे. शेतकरी पिंजऱ्यात उभा आहे. टोपी काढून हातात घेतलेली. वकील म्हणतात, ‘तुम्ही खोटं सांगताय.’ तो म्हणतो, ‘नाही.’ न्यायाधीश टंकलेखकाकडे वळून मजकूर सांगतात : ‘मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.’ साक्ष प्रश्नोत्तरांत न घेता सलग निवेदनाच्या रूपात नोंदवायची, हा सर्वसाधारण दंडक. म्हणून साक्षीदाराच्या तोंडचं एक ‘नाही’ कागदावर येईपर्यंत अख्खं वाक्य होतं, तेही प्रथमपुरुषी. हेच इंग्रजीत ‘इट इज नॉट ट्रू टू से दॅट आय अ‍ॅम डिपोजिंग फॉल्स’ असं उतरतं. राज्यातल्या साक्षींच्या किती पानांचा शेवट या वाक्यानं झाला असेल, कोण जाणे. खटला वर गेला की हे वाक्य घासून-पुसून उच्च न्यायालयात वाचलं जातं. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानं तिथली भाषा इंग्रजी ठेवली आहे. तिथले न्यायमूर्ती वाचतात ते त्या शेतकऱ्याचं ‘म्हणणं’ खरं, पण त्यातला त्याचा स्वतःचा शब्द एकच. बाकीचे वकिलांचे आणि न्यायाधीशांचे. यात फसवणूक नाही, साक्ष नोंदवायची हीच रीत आहे. मात्र ‘त्यानं असं सांगितलं’ हे वाक्य किती जणांच्या हातांतून जातं, ते यावरून कळतं.

इंग्रज येण्याआधी मराठी मुलखात न्यायाच्या कामात बोलण्याचे शब्द कमी होते, असा समज असेल तर तो काढून टाकावा. वतनाच्या तंट्यात दोन्ही पक्ष आपापली तकरीर लिहून देत. हक्क कसा चालत आला याची हकिगत सांगणारा तो करीना. अमुक सभेचा निवाडा आम्हाला मान्य राहील असं आधी लिहून द्यायचं, तो राजीनामा. राजी असल्याचा कागद म्हणून राजीनामा. आज नाराज माणूस तो खिशात घेऊन फिरतो, हा शब्दाचा दैवदुर्विलास. सर्वांत विलक्षण कागद शेवटी यायचा. हरलेल्या पक्षाला येजितखत लिहून द्यावं लागे. आपला दावा खोटा ठरला, आता यापुढे भांडणार नाही, हे त्यानं स्वतःच्या नावानं लिहायचं. आजच्या न्यायालयात हरणाऱ्याला एक अक्षर लिहावं लागत नाही. निकाल न्यायाधीश लिहितात आणि हरलेला अपिलाच्या तयारीला लागतो. येजितखतात मानहानी होती हे खरंच आणि दुबळ्याकडून ते जुलमानंही लिहून घेतलं जात असेल. तरीही तंटा मिटला हे तिसऱ्यानं सांगण्यापेक्षा हरलेल्याच्याच तोंडून वदवून घेण्यामागे माणसाची चांगली पारख होती, असं मला वाटतं.

कायद्याला मराठीतलं सर्वांत गैरसोयीचं अक्षरयुग्म कोणतं असेल, तर ते ‘म्हणे’. ‘तो म्हणे रात्रीच बांधावर आला होता.’ कोण म्हणतं? ते सांगायची गरज नाही. वाक्य आपण उच्चारायचं, पण भार आपल्यावर घ्यायचा नाही, अशी सोय व्याकरणानंच करून ठेवली आहे. इंग्रजीला त्यासाठी अख्खं उपवाक्य वा एखादं लांबलचक क्रियाविशेषण लागतं. पुराव्याचा कायदा, मग तो १८७२ चा असो वा १ जुलै २०२४ पासून लागू झालेला भारतीय साक्ष अधिनियम असो, नेमकं हेच चालू देत नाही. तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा. पाहिलं असेल तर पाहणाऱ्यानं सांगावं, ऐकलं असेल तर ऐकणाऱ्यानं. ‘म्हणे’ आलं की वकील उठून उभे राहतात. मला यात मराठीचा कमीपणा दिसत नाही. उलट ऐकीव आणि पाहिलेलं यांतला फरक जी भाषा दोन अक्षरांत नोंदवते, ती पुराव्याच्या बाबतीत जागरूकच म्हणायची. मराठी गद्याचा आरंभीचा थोर ग्रंथ, ‘लीळाचरित्र’, उभा राहिला तोच साक्षीपुराव्यावर. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या सहवासातल्या माणसांना गाठून आठवणी गोळा केल्या आणि त्या परंपरेत एकाच लीळेचे वेगवेगळ्या जणांकडून आलेले पाठही जपले गेले. कुणाचं म्हणणं कुणाचं, हे न विसरण्याची ही सवय आपल्या भाषेला तेराव्या शतकातच लागली होती.

ती आज सुटत चालली आहे आणि त्याचा दाखला रोज सकाळी दारात येऊन पडतो. वर्तमानपत्रातली बोलण्याची क्रियापदं पाहावीत. मंत्री ‘स्पष्ट करतात’. जणू गोष्ट खरी होतीच, फक्त धूसर होती, ती त्यांनी पुसून लख्ख केली. विरोधक त्याच मजकुराचा ‘दावा करतात’. बातमीदारानं मत दिलेलं नसतं, तरी क्रियापदानं दिलेलं असतं. याहून गंभीर म्हणजे, ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’. कुणाकडे दिली? पोलिसांकडे. पोलीस अधिकाऱ्यापाशी दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, हे १८७२ च्या कायद्याचं पंचविसावं कलम सांगत होतं आणि नव्या अधिनियमात तेविसावं सांगतं. कारण उघड आहे : कोठडीतलं बोलणं कुणाच्या जोरावर निघालं, याची खात्री देता येत नाही. दंडाधिकाऱ्यासमोरचा जबाब वेगळा. तिथे आरोपीला आधी बजावून सांगावं लागतं की कबुली देणं तुझ्यावर बंधनकारक नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. इतक्या काळजीनं हाताळायचा शब्द आपण चहाबरोबर गिळतो. ‘कबुली दिल्याचे पोलिसांचे म्हणणे आहे’ असं लिहायला तीन शब्द जास्त लागतात. त्या तीन शब्दांच्या जागेसाठी माणूस गावात गुन्हेगार ठरतो आणि पुढे निर्दोष सुटला तर ती बातमी आतल्या पानावर येते, आलीच तर.

बोलण्याचा एक प्रकार मात्र असा आहे की तो खरा की खोटा, हा प्रश्नच लागू होत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्माला येणं आपल्या हाती नव्हतं, पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० च्या मार्चमध्ये सुरू झाला होता आणि पाच वर्षांनीही दार उघडलं नव्हतं, ही त्यामागची पार्श्वभूमी. बोलणारा माणूस बॅरिस्टर होता. कथन, निवेदन, युक्तिवाद यांतला भेद त्यांना कुणी शिकवायला नको होता. येवल्यात त्यांनी यांतलं काहीच केलं नाही. त्यांनी घोषणा केली. त्या दिवशी तिला पुरावा मागणं निरर्थक होतं. तिला पुरावा मिळाला तो २१ वर्षांनी, नागपुरात, १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरात. ऑक्सफर्डचे जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्डला व्याख्यानं देऊन मांडलं की काही वाक्यं जगाचं वर्णन करत नाहीत, उच्चारली की जगात काहीतरी घडतं. त्यांच्या उदाहरणांत लग्न, जहाजाचं नामकरण, पैज असे मामले आहेत. येवल्याचं उदाहरण त्यांच्या हाती लागतं तर व्याख्यानाचं वजन वाढलं असतं. इंग्रजी पुस्तकांत या प्रसंगाला कुठे ‘अनाउन्स’ म्हटलेलं आढळतं, कुठे ‘डिक्लेअर’. पहिला शब्द रेल्वे स्थानकावरही चालतो. मी दुसऱ्याच्या बाजूचा.

नाशिकमध्ये राहून इंग्रजी नाटकाशी आयुष्यभर बोलत राहिलेला माणूस म्हणजे वि. वा. शिरवाडकर. इथल्याच हंप्राठा महाविद्यालयात ते शिकले, ‘मॅक्बेथ’ आणि ‘ऑथेल्लो’ त्यांनी मराठीत आणली. १९७० च्या ‘नटसम्राट’मागे ‘किंग लिअर’ आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेक्सपिअरचं नाटक उघडतंच बोलण्याच्या परीक्षेनं. म्हातारा राजा मुलींना विचारतो की तुमचं माझ्यावर किती प्रेम आहे ते सांगा, त्या मापानं राज्य वाटतो. थोरल्या दोघींना शब्द सापडतात, धाकटीला सापडत नाहीत. शिरवाडकरांनी हा प्रवेश वगळला. ‘नटसम्राट’मधले अप्पा बेलवलकर मिळकत वाटून टाकतात, पण मुलांकडून प्रेमाचं निवेदन मागत नाहीत. मराठी घरात बाप असं विचारणार नाही आणि विचारलंच तर मुलगी ‘काहीतरीच काय बाबा’ म्हणून आत जाईल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. प्रेमाच्या निवेदनाची ती जागा पुढे अप्पांवर आलेल्या चोरीच्या आळानं भरून निघते. आळ हा आरोपाचा सख्खा भाऊ, पण घरातला. त्याला कलम नसतं, तारीख नसते, तो समोर येऊन कुणी घेतही नाही. नुसता नजरेतून आणि दाराआडच्या कुजबुजीतून येतो. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं रंगमंचावर गाजवलेला नट यावर आपलं म्हणणं दाखल करणार कुठे?