काहीच न घडण्याचे फळ

मुंबईचा विमानतळ वर्षातून दोनदा ठरवून सहा तास बंद ठेवला जातो, एकदा पावसाळ्याच्या तोंडावर आणि एकदा पाऊस सरल्यावर. 2024 मध्ये हे 9 मे आणि 17 ऑक्टोबरला झाले, 2025 मध्ये पावसाळ्याआधी 8 मेला. वेळ सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे छेदाच्या जागी काम काढायचे तर दोन्ही थांबवाव्या लागतात. दिवसाला नऊशेहून अधिक विमानांची ये-जा असलेल्या ठिकाणी हे करायचे म्हणजे विमान कंपन्यांना महिनोन्‌महिने आधी कळवून वेळापत्रके बदलून घ्यावी लागतात. मग भर उन्हात माणसे धावपट्टीवर उतरतात. पृष्ठभागाची झीज तपासणे, भेगा भरणे, कडेचे दिवे पाहणे, पुसट झालेले पट्टे पुन्हा रंगवणे, पाण्याचा निचरा मोकळा करणे असे हे काम. संध्याकाळी पुन्हा विमाने उतरू लागतात आणि कोणाही प्रवाशाला काही वेगळे जाणवत नाही. काम उत्तम झाले याची खूण एवढीच, की जुलैच्या मुसळधार पावसातही विमान जिथे थांबायला हवे तिथे थांबते. इथे एक जुना तात्त्विक प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. ज्या कर्माचे फळ म्हणजे काहीच न घडणे, त्या कर्माला फळ आहे असे म्हणायचे का? आणि ते कर्म वर्षानुवर्षे मन लावून करत राहण्यासाठी माणसाला कुठला धर्म पुरतो?

आपल्या परंपरेने सृष्टीच्या कारभाराची तीन कामे सांगितली: उत्पत्ती, स्थिती आणि लय. यातल्या उत्पत्तीच्या देवाला, ब्रह्मदेवाला, भारतभर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच देवळे आहेत; पुष्करचे त्यातले प्रसिद्ध. पालनकर्त्या विष्णूची देवळे मात्र गावोगावी आहेत, आणि महाराष्ट्राच्या भक्तीचा मुख्य प्रवाह तर त्याच्याच विठ्ठलरूपाकडे वाहत गेला. म्हणजे श्रद्धेच्या पातळीवर आपण केव्हाच ठरवले आहे, की जग निर्माण करण्यापेक्षा ते रोज सांभाळणे हे अधिक पूज्य. सार्वजनिक जीवनात मात्र आपला सगळा सन्मान निर्मितीसाठी राखून ठेवलेला असतो. भूमिपूजनाला मंत्री येतात, उद्घाटनाला पंतप्रधान येतात, कोनशिलेवर नावे कोरली जातात. पाचव्या वर्षी छताचा सांधा पुन्हा जलरोधक केला, त्याची शिला कोणी बसवत नाही. ही विसंगती मला साधी वाटत नाही. ज्या समाजाची श्रद्धा एका देवावर आणि पैसा व प्रतिष्ठा दुसऱ्याच्या कामावर, त्या समाजात सांभाळण्याचे काम करणारा माणूस कायम दुय्यम राहतो, आणि दुय्यम ठरवलेले काम हळूहळू दुय्यम दर्जाचे होते.

या कामासाठी लागणारा धर्म गीतेत आहे, असे मला वाटते, आणि तो टिळकांनी दाखवलेल्या गीतेत आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’चा मुख्य दावाच हा, की ज्ञान झाल्यावरही कर्म सोडायचे नाही, ते लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाची धारणा टिकावी म्हणून, करतच राहायचे. यावर लगेच आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. फळाची आसक्ती सोडा असे सांगणारे तत्त्वज्ञान धावपट्टी सांभाळणाऱ्याला काय उपयोगाचे? त्याला तर फळाचीच सगळ्यांत जास्त काळजी हवी. प्रत्येक विमान उतरताना चाकांचे रबर तापून धावपट्टीला चिकटते. टेकण्याच्या पट्ट्यात त्याचा काळा थर साचतो, पृष्ठभागाचा खरखरीतपणा बुजतो आणि वर पाणी पडले की घर्षण घटते. म्हणून खास वाहन ओल्या पृष्ठभागावरून चालवून घर्षण मोजतात आणि ते ठरलेल्या पातळीखाली गेले, की अतिउच्च दाबाच्या पाण्याने रबर काढतात. परिणाम आकड्यात मोजणारा हा माणूस आहे. ‘मी माझे काम केले, पुढचे देव जाणे’ असे म्हणण्याची मुभा त्याला नाही.

आक्षेप खरा आहे, पण तो ज्यावर घेतला आहे ती निष्काम कर्माची एक सैल समजूत आहे. कर्माचा परिणाम आणि कर्माचे माझ्या वाट्याला येणारे फळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विमान सुखरूप थांबावे हा परिणाम. तो हवाच, त्यासाठीच मोजमाप. ते माझ्यामुळे थांबले हे कोणाला कळावे, हे फळ. आणि ते धावपट्टीच्या माणसाला कधीच मिळत नाही. टळलेल्या अपघाताला चेहरा नसतो. ज्यांचा जीव वाचला त्यांना आपण वाचलो हे माहीतच नसते, इतकेच काय, वाचवणाऱ्यालाही ते निश्चित सांगता येत नाही. शल्यचिकित्सकाला रुग्णाचे आभार मिळतात, अग्निशमन दलाच्या जवानाला टाळ्या मिळतात. देखभाल करणाऱ्याकडे सिद्ध करण्यासारखे काहीच उरत नाही. परिणामाबद्दल कमालीची आस्था आणि फळाबद्दल सक्तीची निवृत्ती, अशा या जोडीत रोज काम करणारा माणूस मला रणांगणावरच्या अर्जुनापेक्षाही निष्काम कर्माचे शुद्ध उदाहरण वाटतो. अर्जुनाला जिंकल्यावर राज्य तरी मिळणार होते.

दुसरा आक्षेप आधुनिक व्यवस्थापनाकडून येईल. यात धर्म आणि तत्त्वज्ञान कशाला? आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे नियम आहेत, आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना आहे, तपासणीच्या याद्या आहेत, पगार आहे. यंत्रणा नीट बसवली, की माणसाचा सद्‌गुण कोणता यावर काही अवलंबून राहत नाही. याचे उत्तर मिलानच्या लिनाते विमानतळाने दिले आहे. 8 ऑक्टोबर 2001 च्या सकाळी दाट धुक्यात एक छोटे जेट विमान चुकीच्या टॅक्सीवेने मुख्य धावपट्टीवर आले आणि कोपनहेगनला निघालेले मोठे विमान त्याच्यावर आदळले. ते पुढे सामानाच्या इमारतीत घुसले. 118 माणसे मेली, त्यांतली चार जमिनीवर काम करणारी. युरोपातल्या एका संपन्न शहराचा हा विमानतळ. नियम, परवाने, पदे, सगळे जागेवर होते. पण जमिनीवरची वाहतूक दाखवणारा जुना रडार 1999 मध्येच काढून टाकला होता आणि नवा अजून सुरू झाला नव्हता. टॅक्सीवेवरच्या खुणा नियमांप्रमाणे नव्हत्या. छोट्या विमानाच्या वैमानिकाने आपण ज्या खुणेजवळ आहोत ती बरोबर सांगितली, पण जमिनीवर रंगवलेली ती खूण नियंत्रकाच्या नकाशात नव्हतीच. तिचा अर्थ त्याला लागला नाही आणि ‘म्हणजे तुम्ही नेमके कुठे आहात?’ हा प्रश्न विचारला गेला नाही.

या घटनेत खलनायक सापडत नाही. पुढे खटले चालले, अधिकाऱ्यांना शिक्षाही झाल्या, पण कोणी वाईट चिंतले होते असे नाही. तिथे जे होते त्याला आपल्या शास्त्रांत प्रमाद म्हणतात, आणि गीता त्याची गणना तमोगुणाच्या लक्षणांत करते. नियम यादी देतो. यादीतली ओळ आणि जमिनीवरचा रंग जुळतो का, हे पाहण्याची आच नियम देत नाही. नवा रडार खरेदी झाला की कागदावर सुधारणा पूर्ण होते. जुना काढल्यापासून नवा चालू होईपर्यंतच्या दोन वर्षांत धुके पडेल, ही काळजी कोणाच्या तरी मनात असावी लागते. यंत्रणा सद्‌गुणाची जागा घेत नाही. ती सद्‌गुणाला हातपाय देते, आणि तो नसेल तर नुसते हातपाय उरतात.

आणि तरीही, सगळे सद्‌गुण असूनही, अपघात होतात, मग काय? ही शंका सर्वांत अवघड आहे. 25 जुलै 2000 रोजी पॅरिसहून निघालेले कॉन्कॉर्ड विमान उड्डाण घेताच पेटले आणि गोनेस गावाजवळ कोसळले. 113 जणांचा जीव गेला. कारण ठरली धावपट्टीवर पडलेली टायटॅनियमची एक पट्टी, जेमतेम हातभर लांबीची. ती कॉन्कॉर्डच्या पाच मिनिटे आधी उडालेल्या दुसऱ्या विमानातून पडली होती. तिच्यामुळे टायर फाटला, टायरचा तुकडा इंधनटाकीखाली आपटला. दुपारची ठरलेली धावपट्टीची तपासणी त्या दिवशी अग्निशमन दलाच्या सरावामुळे राहिली होती हे खरे, पण ती झाली असती तरी उपयोग नव्हता, कारण पट्टी पडलीच मुळी त्यानंतर. दोन विमानांच्या मधल्या पाच मिनिटांत कोण कुठे कुठे पाहणार? दैववादी म्हणेल, बघा, जे व्हायचे ते होतेच. कायद्याचा माणूस म्हणेल, कोणीतरी दोषी असलाच पाहिजे. आणि फ्रान्समध्ये तसा शोध बारा वर्षे चालला. 2010 मध्ये त्या दुसऱ्या विमानाची कंपनी दोषी ठरली आणि 2012 मध्ये वरच्या न्यायालयाने तिला फौजदारी जबाबदारीतून मोकळे केले.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. जो एकट्या स्वतःला कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही, असाही तिथला अभिप्राय आहे. अपघाताच्या चौकशीचे आजचे शास्त्र नेमके इथेच येऊन पोहोचले आहे. ते जागा पाहते, माणूस नेमके काय करतो हे पाहते, यंत्रे पाहते, त्या क्षणी चाललेल्या सगळ्या हालचाली पाहते, आणि उरलेल्या योगायोगालाही जागा ठेवते. दैववाद्याची चूक ही, की तो पाचव्या कारणाला पहिले करतो. दोषशोधकाची चूक ही, की तो दुसऱ्यालाच एकमेव मानतो. दैवाचा क्रमांक शेवटचा आहे, याचा मला लागणारा अर्थ असा: पहिली चार कारणे आपल्या आवाक्यात जितकी आणता येतील तितकी आणल्याशिवाय पाचव्याचे नाव घेण्याचा अधिकार नाही. कॉन्कॉर्डनंतर त्याच्या टाक्यांना आतून अस्तर बसवले गेले, टायर बदलले गेले. जगातल्या काही विमानतळांनी धावपट्टीवरचा कचरा सतत टिपणारी रडार आणि कॅमेऱ्यांची यंत्रणा उभी केली. काल जे दैव होते त्याचा एक तुकडा आज साधनांच्या खात्यात आला. विमानतळाची सुधारणा म्हणजे दैवाची सीमारेषा मागे रेटण्याचे हे काम, आणि ते कधी पूर्ण होत नाही.

पूर्ण होत नाही याचे सर्वांत प्रामाणिक उदाहरण जपानमध्ये आहे. ओसाकाजवळचा कन्साई विमानतळ समुद्रात भराव टाकून केलेल्या बेटावर 1994 मध्ये सुरू झाला. ते बेट खचणार हे बांधणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते, आणि ते अंदाजापेक्षा जास्त खचले. बांधकामापासून आजवर सरासरी तेरा मीटरांहून अधिक. म्हणून टर्मिनलच्या सुमारे नऊशे खांबांखाली जॅक बसवण्याची सोय आराखड्यातच केली होती. जमीन असमान खचली, की खांब उचलून खाली पोलादी पत्रे सरकवतात. 2018 च्या सप्टेंबरात चक्रीवादळाने समुद्र धावपट्टीवर आणला. त्यानंतर तटभिंती उंच केल्या. बुद्धांच्या अखेरच्या उपदेशात दोन गोष्टी शेजारी येतात, घडलेल्या प्रत्येक वस्तूचा क्षय आणि अप्रमादाने राहणे. पहिलीतून आपण सहसा वैराग्य काढतो. कन्साईच्या अभियंत्यांनी त्याच सत्यातून जॅक काढला, आणि मला तो निष्कर्ष बुद्धवचनाच्या अधिक जवळचा वाटतो. अनित्यता मान्य करणे म्हणजे हात सोडणे नव्हे. खचणे गृहीत धरून नियोजन करणे, ही अनित्यतेवरची श्रद्धाच आहे.

आपण मात्र बांधताना वास्तू नित्य आहे असे धरून चालतो. 28 जून 2024 च्या पहाटे दिल्लीच्या टर्मिनल एकच्या छताचा भाग पावसात कोसळला आणि एक टॅक्सीचालक गेला. आदल्या दिवशी जबलपूरला आणि दुसऱ्या दिवशी राजकोटला विमानतळाबाहेरचे छत पाण्याच्या भाराने फाटले. जबलपूरच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन त्याच वर्षी मार्चमध्ये झाले होते, राजकोटचा विमानतळ आदल्या जुलैतला. पावसाळा येतो हे भारतात दैव म्हणता येणार नाही.

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि डिसेंबरात विमाने सुरू झाली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावे उठवली. लोकसंग्रहातले लोक कोण, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. विमानाने जाणाऱ्यांच्या सोयीला लोकसंग्रह म्हणणे हे फार स्वस्त होईल, असा आक्षेप कोणी घेतला तर मी तो मान्य करतो. ज्यांनी घरे आणि शेते दिली त्यांनी पुढच्या पिढ्यांच्या वतीने एक ठेव ठेवली आहे. ती ठेव त्यांच्या पुनर्वसनाचा शब्द पाळून आणि उभे केलेले जिवापाड सांभाळूनच फेडता येते. हलगर्जीपणे सांभाळलेला विमानतळ म्हणजे त्यांच्या त्यागाचीही नासाडी. म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक नव्या विमानतळाबरोबर त्याच्या पुढच्या तीस वर्षांच्या देखभालीचा आराखडा, त्यासाठी बाजूला काढलेली रक्कम आणि जबाबदार पदे जाहीर व्हावीत, आणि धावपट्टीचे घर्षण, निचरा, छते यांच्या तपासणीचे निष्कर्ष दरवर्षी सर्वांना वाचता येतील असे ठेवावेत. सुरुवात नवी मुंबईपासून करावी. वास्तू नवी आहे, पुढचा पावसाळा दूर नाही, आणि हे विचारण्याचा हक्क तिकीट काढणाऱ्याइतकाच उलव्याच्या माणसालाही आहे.