स्वेच्छेने पत्करलेले काम सोडताना

जे काम करण्याची सक्ती कोणी केलेली नाही आणि ज्याचा मोबदलाही मिळत नाही, असे काम एकदा हाती घेतल्यावर ते सोडण्याचा अधिकार कर्त्याला कितपत उरतो, हा नीतिविचारातील जुना प्रश्न आहे. डेबियन या लिनक्स वितरणात पायथन भाषेची दुसरी आवृत्ती जाऊन तिसरी आली, त्या प्रदीर्घ संक्रमणात तो फार ठोस रूपात उभा राहिला. वितरण म्हणजे हजारो मुक्त प्रोग्राम एकमेकांशी जुळवून, तपासून एकत्र उपलब्ध करून देणारी व्यवस्था. तीत प्रत्येक प्रोग्रामचा जो बांधलेला संच असतो त्याला पॅकेज म्हणतात आणि त्या पॅकेजची निगा राखणाऱ्याला मेंटेनर. मेंटेनर हा बहुधा मूळ लेखक नसतो. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनमध्ये तो मुख्यतः स्वयंसेवक असतो, आणि डेबियनची घटनाच सांगते की तिच्यामुळे काम करण्याचे बंधन कोणावरही येत नाही. रीतसर झालेल्या निर्णयांना मात्र कोणी सक्रिय विरोध करू नये, एवढीच मर्यादा ती घालते.

पायथन ३.० डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिने जुन्या आवृत्तीशी असलेली सुसंगती जाणूनबुजून तोडली. कारण क्षुल्लक नव्हते. दुसऱ्या आवृत्तीत साधा मजकूर ही बाइटांची रांग होती, त्यामुळे यूटीएफ-८ या प्रचलित संकेतपद्धतीत लिहिलेल्या ‘मराठी’ या शब्दाची लांबी ती १५ सांगे, तर तिसरी आवृत्ती म, र, काना, ठ आणि वेलांटी मोजून ५ सांगते; देवनागरीत लिहिणाऱ्यांनी तरी या बदलाबद्दल कुरकुर करू नये. परंतु त्याच बदलांच्या ओघात सातला दोनने भागले असता पूर्वी ३ मिळत, तेथे आता साडेतीन मिळू लागले. म्हणजे जुना प्रोग्राम बंद पडला तर निदान ते लक्षात येई, पण तो चालू राहून मुकाट्याने वेगळे उत्तर देऊ लागला तर कळण्याची सोयही नव्हती. जुन्या आवृत्तीला मिळणारा आधार २०१५ मध्ये संपायचा होता, तो २०१४ साली २०२० पर्यंत वाढवण्यात आला, आणि तरीही ई-पुस्तकांसाठी जगभर वापरला जाणारा कॅलिबर हा प्रोग्राम सप्टेंबर २०२० मध्ये, पाचव्या आवृत्तीत, नव्या पायथनवर आला.

अशा वेळी जुने पॅकेज काढून टाकणाऱ्या मेंटेनरला वापरकर्ता जाब विचारू शकतो काय? मुक्त प्रोग्रामांचे परवाने कोणतीही हमी देत नाहीत, हे उत्तर कायद्यापुरते पुरेसे असले तरी नीतीला ते पुरत नाही. येथे धर्मशास्त्रातील दान आणि उत्सर्ग हा भेद उपयोगी पडतो, ज्याची सविस्तर चर्चा भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात केली आहे. दानात दात्याचे स्वामित्व संपून ते विशिष्ट ग्रहीत्याकडे जाते; उत्सर्गात, म्हणजे तळे किंवा विहीर सर्वांसाठी सोडून देण्यात, स्वामित्व संपते पण नवा स्वामी कोणी निर्माण होत नाही, आणि सोडणाराही पुढे इतरांसारखाच तेथील पाणी घेऊ शकतो. मुक्त प्रोग्रामची स्थिती पुष्कळशी उत्सर्गासारखी आहे. वापरकर्ता ग्रहीता नसल्यामुळे तो मेंटेनरच्या श्रमांवर हक्क सांगू शकत नाही. परंतु मेंटेनरही स्वामी नसल्यामुळे ‘माझी वस्तू होती, मी काढून घेतली’ असे म्हणू शकत नाही. वादात दोन्ही पक्ष बहुधा यातले आपल्या सोयीचे अर्धेच लक्षात ठेवतात.

मग काढून टाकण्याचा न्याय कशाने ठरवावा? गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत: मोहाने कर्तव्य टाकणे हा तामस, शरीरकष्टाच्या भयाने टाकणे हा राजस, आणि कर्तव्य करीत राहून त्यातील आसक्ती व फळ सोडणे हा सात्त्विक. कोणीतरी सांभाळेलच या समजुतीने पॅकेज नावापुरते आपल्याकडे ठेवून त्याकडे वर्षानुवर्षे न पाहणे हा, दिसायला त्याग नसला तरी, पहिल्या प्रकारात मोडतो, आणि तो सर्वांत घातक आहे, कारण बाहेरून पॅकेज जिवंत दिसत असते. गीतेतले कर्म नियत, म्हणजे नेमून दिलेले आहे आणि येथले अंगीकृत, ही अडचण खरी. तथापि टिळकांच्या ‘गीतारहस्या’ने कर्मत्यागापेक्षा फलाशेच्या त्यागावर जो भर दिला, तो अंगीकृत कामालाही लागू पडावा. त्या दृष्टीने पॅकेज काढणे हेही एक काम ठरते, जे नीट करावे लागते.

डेबियनमध्ये ते तसे झाले, असे म्हणण्यास आधार आहे. पायथन २ वर विसंबलेल्या पॅकेजांच्या नावे त्रुटिनोंदी उघडपणे दाखल करण्यात आल्या, आणि ज्यावर दुसरे काहीच विसंबून नाही ते आधी, मग त्याच्या आतले, असा बाहेरून आत जाणारा क्रम धरण्यात आला. भांडारातील परस्परावलंबन असे मोजता येते. एखाद्या प्रयोगशाळेतील संगणकावर कोणी लिहिलेला आणि कधीच प्रसिद्ध न झालेला छोटा प्रोग्राम मात्र कोणत्याच यादीत नसतो, आणि या प्रश्नातला सर्वांत अवघड भाग हाच आहे, कारण ज्यांची ओळख पटत नाही त्यांच्याविषयी कर्तव्य असू शकते, पण ते त्यांच्यासाठी श्रम करण्याचे असू शकत नाही. ते पूर्वसूचनेचे आणि पुरेशा अवधीचेच असू शकते. ऑगस्ट २०२१ मधील ‘बुल्सआय’ आवृत्तीत पायथन २.७ मुख्यतः इतर पॅकेजे बांधण्याच्या गरजेपुरती ठेवून, प्रोग्राम चालवण्यासाठी तिला आधार नाही, असे प्रकाशन-टिपणात स्पष्ट सांगण्यात आले. त्याआधीच्या, २०१९ च्या ‘बस्टर’ आवृत्तीला दीर्घकालीन आधार जून २०२४ पर्यंत मिळाला, पण ते काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांना प्रायोजक संस्थांच्या पैशातून मोबदला मिळत होता; अवधी वाढवून हवा असेल तर त्याचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो, हे तेथे निःसंकोच मान्य केले गेले आणि त्यात उत्सर्गाला बाध येण्यासारखे काही नाही.

जून २०२३ मधील ‘बुकवर्म’ आवृत्तीत पायथन २ नाही. पायथन २ चा मूळ संहितासंच आजही कोणालाही उतरवून घेऊन स्वतः बांधता येतो, आणि तसे करणाऱ्यावर तिच्या निगेची जबाबदारी येते.