रंगाखालचा ऐब

जुनी 'हिमालयन' घरच्या अंगणात उघडून बसलेली तरुण मुले आता पुसद-उमरखेडकडेही दिसतात. ४११ सीसीची ही गाडी २०१६ साली आली. २०२३ मध्ये तिची जागा नव्या ४५० ने घेतली. पुढचे चाक २१ इंची, त्यामुळे पांदणीच्या खाचखळग्यांत चांगली चालते.

मला विचारायचे आहे ते गाडी पुढे विकण्याबद्दल. गॅरेजवर गाडी टाकणाऱ्याला आतले काही ठाऊक नसते. ज्याने स्वतः कोनसेट बदलला, फ्रेमला वेल्डिंग मारले, त्याला ठाऊक असते. वाढवलेले कॅरिअर गिऱ्हाइकाला दिसते, रंगाखालचे वेल्डिंग दिसत नाही.

बाजार म्हणतो, जशी आहे तशी, पाहून घ्या. हनफी फिकहदेखील ऐबांची जबाबदारी आधीच नाकारून केलेला सौदा वैध मानते. पण सौदा वैध ठरणे वेगळे आणि विकणारा निर्दोष असणे वेगळे. धान्याच्या ढिगात हात घालून पैगंबरसाहेबांनी (स.) ओल शोधली, तेव्हा विकणाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. पाऊस खराच होता. तरी ओले धान्य वर का ठेवले नाही, हा सवाल उरलाच.

वेल्डिंग मजबूतही असेल. मात्र त्यावर बायको-मुलांना बसवायचे की नाही, हे घेणाऱ्याने ठरवायचे. आपण गप्प राहून ते त्याच्यासाठी ठरवून टाकतो.

इतके सांगितले तर गाडी विकणार कशी, असे कुणी म्हणेल. विकेल, पाच-सात हजार कमी येतील. मास्तरच्या पगारात ती रक्कम लहान नाही, हे मलाही कळते.