टोस्काला कोण सांगणार?

जुलै १९९२मध्ये पुच्चिनीचा ‘टोस्का’ हा ऑपेरा रोमहून टीव्हीवर थेट दाखवला गेला. कथेतल्याच जागी, कथेतल्याच वेळी. ऑर्केस्ट्रा मात्र दुसरीकडे, मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांच्या हाताखाली. त्याचं रेकॉर्डिंग मी मळवलीत बसून फोनवर पाहिलं.

पहाट. किल्ल्याची गच्ची. टोस्का प्रियकराला बजावते, गोळीबार खोटा आहे, तू फक्त नीट पड. ती स्वतः गायिका, रंगमंचावर कसं पडायचं हे तिला माहीत. तो पडतो. त्याच्या अभिनयावर ती खूशही होते. गोळ्या खऱ्या असतात.

हे १९००पासून सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होतं. तरी रडू आलंच. मग वाटलं, जिथे आपल्याला काहीच करता येत नाही, तिथेच करुणा इतकी मोकळी का वाहते?

१९१९मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त बालगंधर्वांची सिंधू पाहून किती पदर ओले झाले असतील! त्यातल्या कित्येकींच्या शेजारीही एखादा सुधाकर असेलच. पण तो ‘त्यांच्या घरातला प्रश्न’. (हे वाक्य अजून चालतं.) सिंधूचा शेवट गडकऱ्यांनी लिहून ठेवलाय. शेजारणीचा अजून ठरायचाय, तिथे दार वाजवता येतं.

आमच्याकडे भिंती तशा पातळच आहेत.