फुलोरा ओसरल्यावर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

अवधूतांनी चोवीस गुरू केले. त्यांत पृथ्वी, वारा, अजगर, मधमाशीसुद्धा आहे. म्हणजे शिकणारा हवा, शिकवायला सगळी सृष्टी बसलेली आहे. आपल्या रत्नागिरीत असाच एक गुरू आंब्या-फणसाच्या फांदीवर राहतो. त्याचं नाव सीतेची वेणी.

मे-जूनच्या सुमारास ही रानातली आमरी फुलते. पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा गजरा लोंबू लागला की येणारा-जाणारा मान वर करून बघतो. आसाम आणि अरुणाचल प्रदेशात तर तिला राज्यफुलाचा मान आहे. पण गजरा ओसरतो, आणि उरतात जाड पट्ट्यांसारखी पानं नि लोंबणारी मुळं. मग तेच लोक म्हणतात, "बांडगूळ दिसतंय, काढून टाका." हापूसची तोडणी आटोपल्यावर बागायतदार कलमांवरची बांडगुळं काढतात, ते योग्यच. पण कोयत्याला दोघांतला फरक कळत नाही.

फरक मोठा आहे. बांडगूळ फांदीत मुळं घुसवून झाडाचा रस घेतं. आमरी फक्त बसायला जागा घेते. पाऊस, दव आणि सालीवर साचलेला पालापाचोळा यांवर ती भागवते. शिवाय फुलोरा सरला म्हणून तिचं काम सरत नाही. मोजक्या फुलांना शेंगा धरतात, त्या कितीतरी महिने पिकतात आणि धुळीसारखं बारीक बी वाऱ्यावर सोडतात. त्यातलं कुठलं रुजेल, हे तिच्या हाती नसतं.

आम्हा निवृत्तांना एक प्रश्न रोज टोचतो. बँकेतली नोकरी संपली, सही-शिक्क्याचा मान गेला. आता आपण मुला-सुनेच्या घरातलं बांडगूळ का?

मला वाटतं, दुसऱ्याच्या फांदीवर राहण्यात कमीपणा नाही. उठताना कुणाचा हात लागला, औषधाला त्यांचे पैसे लागले, तर तो आधार. त्याची लाज कशाला? मात्र पेन्शन घरात दिली म्हणून हिशेब जुळला असंही नाही. दिवसभर तक्रार, ऊठसूट टोकणं, ‘आमच्या वेळी’चा पाढा, यानं घरच्यांचा रस आटतो. मधमाशी फुलाला न दुखवता थोडंच घेते, तसं राहता आलं पाहिजे. नातवंडांना दोन चांगल्या गोष्टी सांगाव्या आणि गप्प बसावं. रुजणं त्यांच्याकडे.

बागवाल्यांना एक विनंती. मुळं सालीवरून मोकळी लोंबत असतील, तर कोयता थांबवा.

अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त.