गोळ्यांचा डबा आणि क्रूस



आजचे प्रवचन एका चुकीपासून सुरू करतो. चूक माझीच आहे.

उपवासकाळातला एक रविवार होता. सकाळच्या मिस्सात ख्रिस्तप्रसादाची रांग पुढे सरकत होती. रांगेतल्या एक मावशी अचानक बाकाला धरून खाली बसल्या. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, विचारलेल्याचे उत्तर धड देता येत नव्हते. सुदैवाने मागच्याच बाकावर आपल्या धर्मग्रामातली एक नर्स होती. तिने साखरेचे पाणी मागवले आणि थोडे थोडे पाजले. दहा-पंधरा मिनिटांत मावशी सावरल्या. 'प्रेशर असेल' असे आम्ही सगळे म्हणत होतो, पण शुगर खाली गेली होती.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. (हे सारे मावशींना विचारूनच सांगत आहे. नाव मात्र सांगणार नाही.) एव्हरशाईनमधल्या कितीतरी जुन्या इमारतींसारखी त्यांची इमारत, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. मुलगा आणि सून सकाळच्या लोकलने जातात ते रात्री येतात. रविवार म्हणून दोघेही घरी होते. मावशींनी टेबलावरचा बिस्किटांचा जुना डबा उघडून दाखवला. त्यात डायबेटिसच्या गोळ्या, ब्लडप्रेशरच्या गोळ्या, हृदयासाठी दोन वेगळ्या, पायांची सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी आणि गुडघ्यांसाठी मेडिकलमधून स्वतःच आणलेली दुखण्याची गोळी.

विचारता विचारता एकेक गोष्ट बाहेर आली. मावशी रविवारी लघवीची गोळी घेतच नसत, कारण मिस्सा चालू असताना सारखे उठावे लागेल, लोक काय म्हणतील? डायबेटिसची गोळी घेत, पण ख्रिस्तप्रसादासाठी उपाशी राहत, त्यात उपवासकाळ म्हणून रात्रीचे जेवणही सोडलेले. हृदयाची एक गोळी महाग, म्हणून ती एक दिवसाआड. मुलाच्या डोक्यावर घराचे कर्ज आहे, त्याला कशाला सांगायचे? मुलगा हे ऐकत दारात उभा होता. त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही.

मी म्हणालो, "मावशी, अहो, असे का केले?"

त्या म्हणाल्या, "फादर, तुम्हीच तर सांगितलेत ना, आपला क्रूस मुकाट्याने उचलावा, कुरकुर करू नये."

खरे होते. दोन रविवार आधी मी अगदी तसेच म्हणालो होतो. म्हणालो ते तरुणांना उद्देशून, कारण त्यांना सगळे झटपट हवे असते. पण वेदीवरून बोललेले शब्द कुणाच्या घरात जाऊन काय करतात हे बोलणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून ते वाक्य आज मी दुरुस्त करीत आहे.

बंधुभगिनींनो, प्रभू येशूने क्रूस मुकाट्याने आणि एकट्याने वाहिला का? शुभवर्तमान तसे सांगत नाही. कुरेनेकर शिमोन शेतावरून येत होता, त्याला धरून प्रभूचा क्रूस त्याच्या खांद्यावर देण्यात आला. प्रभूने त्याला 'नको, माझे मी बघतो' असे म्हटल्याचे कुठेही लिहिलेले नाही. आणि क्रुसावरून त्याने मोठ्याने सांगितले की मला तहान लागली आहे. देवाच्या पुत्राने जल्लादांसमोर तहान सांगितली, आणि आम्हाला पोटच्या मुलाला गोळ्या संपल्याचे सांगायला लाज वाटते!

बारा वर्षे रक्तस्राव सोसणाऱ्या स्त्रीची गोष्ट आपल्याला पाठ आहे. तिच्याविषयी संत मार्क एक बारीक तपशील देतो, तिकडे मात्र आपले लक्ष जात नाही. तिने अनेक वैद्यांच्या हातून पुष्कळ सोसले, जवळचे सगळे खर्चून टाकले, आणि दुखणे वाढतच गेले. आपल्यापैकी किती जणांची ही कहाणी आहे! शुगरचा डॉक्टर वेगळा, हृदयाचा वेगळा, हाडांचा वेगळा. प्रत्येक जण आपापली चिठ्ठी देतो, आणि सगळ्या चिठ्ठ्या एकत्र पाहणारे कुणीच नसते. गर्दीत मागून येऊन ती स्त्री गुपचूप झग्याला शिवली, आणि गुपचूपच जाणार होती. पण प्रभू थांबला. कुणी स्पर्श केला म्हणून त्याने विचारले, आणि तिने थरथरत सगळे खरे सांगितले, तेव्हा कुठे तो तिला मुलगी म्हणाला. ती बरी झाली होतीच. मग तिला बोलते का केले? मला वाटते, बारा वर्षे लपवलेले दुखणे चारचौघांत बोलून टाकणे हासुद्धा तिच्या बरे होण्याचाच भाग होता.

काही जण विचारतात, "फादर, विश्वास आहे तर गोळ्या कशाला?" सिराखचा ग्रंथ आजाऱ्याला आधी प्रार्थना करायला सांगतो आणि मग वैद्याला जागा द्यायला सांगतो, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे आणि औषधेही देवानेच जमिनीतून उगवली आहेत. प्रार्थनासभेहून येऊन गोळ्या बंद करणे हा विश्वास नव्हे. त्याला मी देवाची परीक्षा पाहणे म्हणेन.

पोप फ्रान्सिस यांची आठवण येथे केल्यावाचून राहवत नाही. तरुणपणीच, १९५७ साली, त्यांच्या फुप्फुसाचा भाग काढून टाकलेला. पुढे गुडघ्याचे दुखणे, २०२२ पासून चाकाची खुर्ची. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यूमोनियाने त्यांना रोमच्या जेमेली रुग्णालयात नेले, तेथे ते ३८ दिवस होते. २१ एप्रिलला, ईस्टर सोमवारी, ८८ व्या वर्षी ते प्रभूघरी गेले, तेव्हा व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या दाखल्यात पक्षाघात आणि हृदय बंद पडणे या कारणांसोबत जुनी दुखणीही लिहिली होती: श्वासनलिकांचा जुना विकार, उच्च रक्तदाब, टाईप टू डायबेटिस. वाचताना मला वाटले, ही तर आपल्या कुठल्याही सोसायटीतल्या आजोबांची फाईल! पण त्याहून माझ्या मनात राहिला तो ६ एप्रिलचा रविवार. आजाऱ्यांच्या ज्युबिलीचा तो दिवस. रुग्णालयातून सुटून दोनच आठवडे झालेले पोप खुर्चीत बसून, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून, संत पीटर चौकात लोकांसमोर आले. ती नळी त्यांनी लपवली नाही.

आता काही गोष्टी स्पष्ट सांगतो, कारण बऱ्याच जणांना त्या माहीत नाहीत. ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एका तासाच्या उपवासात पाणी आणि औषध घेण्याची मनाई कधीच नाही. शिवाय १९८३ च्या धर्मसंहितेनुसार वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांनी त्या तासाभरात काही खाल्ले असले तरी ते ख्रिस्तप्रसाद घेऊ शकतात. राखेच्या बुधवारचा आणि शुभ शुक्रवारचा उपवास वयाची ५९ वर्षे पूर्ण झालेल्यांना बंधनकारक नाही. आजारपणामुळे रविवारी मिस्साला येता आले नाही तर ते पाप नव्हे. आणि रुग्णाभ्यंग संस्कार म्हणजे 'शेवटचे तेल' नव्हे. फादर तेल घेऊन जिन्यावर दिसले की शेजारी रडू लागतात, हे मी स्वतः पाहिले आहे! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले की हा संस्कार केवळ मरणाच्या दारातल्या माणसांसाठी नाही. वयाने फार थकलेल्या माणसालाही तो घेता येतो, आणि आजार बळावला तर पुन्हाही घेता येतो.

औषधांबद्दल मी डॉक्टर नाही, तरी मावशींच्या डॉक्टरांनी जे सांगितले ते सांगतो. गुडघ्यांसाठी त्या जी गोळी आपल्या मनाने घेत होत्या, तशा गोळ्या रक्तदाब वाढवू शकतात आणि मूत्रपिंडांना इजा करू शकतात. एका आजाराचे औषध दुसऱ्या आजाराला महाग पडते ते असे. म्हणून सगळ्या गोळ्यांची एकच यादी करून ती प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवा. कोणतीही गोळी आपल्या मनाने सोडू नका आणि सुरूही करू नका. महाग पडत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी चालेल का ते विचारा. ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतची ती सोय आहे.

आणि तुम्ही तरुण मंडळी! जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरले, वीज गेली, गाड्या बंद पडल्या, ते दिवस तुम्हाला आठवत असतील. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजीचे इन्सुलिन कुठे ठेवले असेल, हा विचार किती जणांच्या मनात आला? माझ्या मनात आला नव्हता. आपल्या विंगमध्ये एकटे कोण राहते, कुणाच्या गोळ्या कधी संपतात, हे ठाऊक असलेला एक तरी शिमोन प्रत्येक जिन्यावर हवा.

थोडे माझ्याबद्दलही. मलाही अकरा वर्षे डायबेटिस आहे, आणि लग्नाच्या जेवणात गुलाबजाम पुढे आला की 'फादर, एकच' या शब्दांपुढे मी पुष्कळदा हरलो आहे. तेव्हा यापुढे आग्रह करू नका, ही विनंती.

मावशी पुन्हा मिस्साला येऊ लागल्या आहेत. लघवीची गोळी किती वाजता घेतली तर चालेल हे त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतले. डब्याची जबाबदारी आता मुलाकडे आहे, दर शनिवारी रात्री तो आठवड्याच्या गोळ्या लावून ठेवतो. बाजूच्या दाराजवळची दोन बाकी आजपासून ज्येष्ठांसाठी राखून ठेवली आहेत. तेथून उठून बाहेर जाताना कुणालाही ओलांडावे लागत नाही. कुणी मध्येच उठले तर मागे वळून पाहू नका. ज्यांना जिना उतरवत नाही त्यांची नावे कार्यालयात द्या, ख्रिस्तप्रसाद घरी आणला जाईल. मावशी मात्र म्हणतात की त्या येणारच, फक्त उतरताना हात धरायला कुणीतरी हवे. या रविवारी त्यांच्या खालच्या मजल्यावरचा कॉलेजला जाणारा मुलगा त्यांना घेऊन आला आहे.